न सोडलेलं पाणी

ये, अशी जवळ सरक. दारात उभं राहून "काकू, बऱ्या आहात ना?" विचारायचं, मी "बरी आहे" म्हणायचं, आणि तू चपला पायात सरकवून निघायचं, ही काय विचारपूस झाली? उंबऱ्यावरून विचारलं की कुणीही बरंच असतं. आत ये, बूड टेक, तो फोन पालथा घाल. आणि घाईत असशील तर आज हे वाचूच नको. मला तोडून तोडून सांगता येत नाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, त्यामुळं अर्धी बातमी वाचून उरलेली मनानं जुळवायची सवय आहे मला. पण हे जुळवलेलं नाही. हे झालंय.

मालक जाऊन आता आठ महिने होतील. लेक सातारला दिलीय, ती रोज फोन करून विचारायची, "आई, रडलीस का गं?" जसं काही गोळी घेतलीस का विचारावं. नाही रडले. गरम चहानं जीभ पोळली की दोन दिवस कशाचीच चव लागत नाही, तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. भूक लागली की जेवायची, झोप आली की निजायची. भेटायला आलेल्या बाया गळ्यात पडून रडायच्या, आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत राहायची, गॅसवरचं दूध वर आलं का म्हणून. वाईट बाई म्हण हवं तर. मला स्वतःला तसंही काही वाटलं नाही.

पण सांगायचंय ते पाण्याचं.

आमचे मालक शिरवळला फायर लाइनचे फिटर होते. म्हणजे असं बघ, मोठ्या कारखान्यांच्या छताखालून लाल पाइप फिरवलेले असतात. त्यांना ठरावीक अंतरावर लहान पितळी फवारे. फवाऱ्याच्या तोंडाशी एक इवलीशी काचेची नळी, आत लाल पाणी. खाली आग लागली की ती काच तापून फुटते आणि तेवढ्या जागेवर पाणी कोसळतं. बटण दाबायला माणूस लागत नाही. ते पाइप जोडायचे, आणि त्यातून पाणी किती जोरानं येतं, किती येतं, हे तपासत राहायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं केलं. मग रिटायर झाल्यावर पलूसला, भावकीच्या शेजारी, प्लॉट घेऊन चार खोल्या बांधल्या, आणि या माणसानं घरातही तेच बसवलं. आठवडाभर शिरवळचे त्यांचे जोडीदार मुक्कामाला होते. दोघं मिळून छताला चिकटलेले, आणि मी खाली त्यांच्या चहात पडणारा चुना काढतेय.

आमच्याकडं स्प्रिंकलर म्हटलं की लोकांना रानातलाच आठवतो. शेजारचे एक भाऊ घर बघायला आले, वर बघत म्हणाले, "काय फिटर, हॉलमदी आलं लावताय का भुईमूग?"

मालक म्हणाले, "तुमी आग लावा, मग दावतो काय उगवतंय ते."

गच्चीवर हजार लिटरची वेगळी टाकी बसवली, फक्त आगीसाठी. तिच्यातलं पाणी घरात वापरायचं नाही. टाकीजवळ लहान पंप, पाइपातला जोर उतरला की तो आपला आपण सुरू होतो. पंपाच्या पुढं चाकाचा वॉल. तिथून पाइप खाली येऊन सगळ्या खोल्या फिरतो आणि मागच्या दारी, धुण्याच्या दगडाजवळ संपतो. तिथं एक तोटी, आणि तोटीच्या वर घड्याळासारखी चकती, तिच्यात पाण्याचा जोर दाखवणारा काटा.

दर एक तारखेला मालक तिथं पाट घेऊन बसायचे. तोटी बंद असताना काटा बघायचे, तो अडीच किलोवर असायचा. मग तोटी पूर्ण सोडायची. काटा खाली येऊन दोनवर थांबायचा. मग वीस लिटरची बादली खाली धरायची आणि ती किती वेळात भरते ते मोजायचं. वीस सेकंद. असे तीन आकडे वहीत तीन रकान्यांत लिहायचे.

"उभ्या पाण्याचा आकडा कुणीबी सांगंल," म्हणायचे, "पाणी पळतं तवा काटा कुठं बसतोय, ते बघायचं असतंय." मी भाकरी थापता थापता ऐकायची. ऐकायची म्हणजे कानावर पडायचं.

माझा जीव अडकायचा तो वाया जाणाऱ्या पाण्यात. एक बादली ओतली, दुसरी ओतली, काटा थरथरायचा थांबेपर्यंत चालूच. महिनाभर पाइपात उभं राहिलेलं पाणी ते, काळं, लोखंडाचा वास मारणारं. प्यायला नको की धुण्याला नको. तरी मी घागरी, टोप, मिळेल ते घेऊन पळायची आणि कढीपत्त्याला नाहीतर चिकूला नेऊन घालायची.

"मरतील गं झाडं त्या पाण्यानं."

"माणच्या माणसाला मरायचं भ्या दावू नका," मी म्हणायची. झाडं मेली नाहीत.

माझं माहेर माणच्या बाजूचं. वडलांची मेंढरं होती, बाप वर्षातले आठ महिने कळपामागं, आणि आम्ही आईबरोबर वाडीवर. आई परातीत उभी करून आम्हाला अंघोळ घालायची. परातीतलं ते पाणी मग पाय धुवायला, त्याच्यानंतर अंगणात शिंपडायला. भांडी राखेनं घासून नुसती पुसायची. लोकांना वाटतं गरिबी. गरिबी वेगळी असते. हे पाण्याचं आहे, ते हातात बसतं. आजही मी कुठं पाहुणी गेले आणि पाण्याचा तांब्या पुढं आला, तर अर्धा पिते आणि उरलेलं कुठल्या झाडाला घालू म्हणून बघत बसते.

लेक चार वर्षांची होती तेव्हा मालक मला हौसेनं शिरवळच्या कारखान्यात टेस्ट बघायला घेऊन गेले. सणाचा दिवस, मी नवी साडी नेसलेली. त्यांनी मोठा वॉल फिरवला आणि मोकळ्या मैदानावर मांडीएवढ्या जाड धारेनं पाणी सुटलं. किती वेळ ते चाललं असेल, चार-पाच मिनिटं. मुरमावर पडून नाल्यात गेलं सगळं. साहेब लोक घड्याळ बघत होते. मालक माझ्याकडं बघून हसत होते, त्यांना वाटलं बायकोला कौतुक वाटतंय.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "तेवढ्या पाण्यात आमच्या वाडीचा उन्हाळा निघाला असता."

"अगं, पण सोडल्याबिगर कळणार कसं, पाणी हाय का न्हाई?"

"आत हाय म्हणून काटा सांगतोय न्हवं? मग इस्वास ठेवा की."

ते डोक्याला हात लावून बसले. तो विषय मग आमच्यात परत निघाला नाही. त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

आता पुढचं नीट ऐक.

घर बांधून तीन वर्षं झाली असतील. सकाळी दाढी करता करता मालकांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते तसेच कलले. उजवी बाजू गेली. भावकीतल्या पोरांनी जीपमध्ये घातलं आणि मिरजेच्या दवाखान्यात नेलं. वीस दिवस तिथं होतो. दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी घरी आले. पातळं घेतली, त्यांचे बनियन घेतले, देवापुढचा दिवा शांत केला, आणि गच्चीवर जाऊन दोन्ही टाक्यांचे वॉल बंद केले. घर बंद करायचं म्हणजे आमच्याकडं आधी पाणी बंद, मग कुलूप. गावाला चार दिवस जायचं असलं तरी तेच. कुणी शिकवलेलं नाही, आणि त्या दिवशी डोकंही जागेवर नव्हतं. हात गेले आणि चाक फिरवून आले.

वीस दिवसांनी त्यांना घेऊन परत आलो. त्यांना पलंगावर निजवलं, गच्चीवर गेले, वॉल उघडले. घरच्या पाण्याचा लगेच उघडला. आगीच्या टाकीचं चाक घट्ट झालं होतं. दोन्ही हातांनी जोर लावला तर एक आटा फिरलं, पुढं हलेना. खाली येऊन काटा बघितला. अडीचवर उभा. म्हटलं, झालं, उघडला.

पहिले दोन महिने त्यांची जीभ वळत नव्हती. मग थोडं थोडं बोलायला लागले, ते फक्त मला कळायचं. एक दिवस मला जवळ बोलावलं. म्हणाले, "घरात आग लागली तर मला उचलाय यायचं न्हाई. तुला मी पेलणार न्हाई. तू सरळ भाईर पळायचं. माझ्याकडं पाणी बघंल."

"काय वंगाळ बोलताय," मी म्हटलं.

"न्हाई, ऐक. म्हणून तर लावलंय. फकस्त दर महिन्याला टेस्ट झाली पायजे. आता ती तू करायची."

मी हो म्हटलं. पलंगाच्या बरोबर वर तो फवारा होता, लाल काचेचा. दिवसभर उताणं पडलेला माणूस, त्यांच्या डोळ्यांपुढं तेवढंच.

पहिली एक तारीख आली तो उन्हाळा होता. नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. घरची टाकी तळाला. मालकांची चादर त्या दिवशी दोनदा बदललेली, ती तशीच बादलीत पडलेली, धुवायला पाणी नाही. आणि मी मागच्या दारी त्या तोटीवर हात ठेवून उभी. सोडायचं म्हणजे तीन-चार बादल्या काळं पाणी मातीत. आतून ते ओरडले, शब्द अर्धेच, पण मला कळले: "काटा किती?"

"अडीच!" मी ओरडले. ते खरंच होतं.

"आता सोड. सोडल्यावर किती?"

मी तोटीवरचा हात काढून घेतला. "दोन!"

"बादली?"

मग मी तिथं उभी राहून मनात वीसपर्यंत मोजलं. रिकाम्या बादलीपुढं. एकोणीस, वीस. "वीस!" म्हणून ओरडले आणि आत गेले. त्यांनी डाव्या हातानं पेन धरला होता, वही मांडीवर उशी ठेवून तिच्यावर. वाकडी अक्षरं काढायला पुष्कळ वेळ लागला. मी वही घेतली आणि गादीखाली सरकवली. आत काय लिहिलं ते बघितलं नाही. माझं खोटं त्यांच्या अक्षरात बघायचं धाडस झालं नाही.

पुढच्या महिन्यात पाणी होतं. तरी नाही सोडलं. एकदा नाही सोडलं की दुसऱ्यांदा हात जातच नाही. बावीस महिने मी तिथं उभी राहून वीसपर्यंत मोजलं. काटा दरवेळी अडीचवर, त्यामुळं मनाला म्हणायची, सगळं तर ठीक आहे.

मधे एकदा दुपारी फोडणीचं तेल पेटलं. कढईतून ज्वाळा वर गेली ती भिंतीवरच्या कॅलेंडरापर्यंत. मी परात पालथी घातली, गॅस बंद केला, हातावर फोड आला तेवढंच. पण धूर आतल्या खोलीत गेला. मी पळत गेले तर मालक तसेच उताणे, डोळे फवाऱ्याकडं. मला म्हणाले, "तू आत का आलीस? पळायला सांगितलं हुतं न्हवं? घाबरू नको, पाणी हाय."

पाणी हाय. असं म्हणाले.

ते गेले ते थंडीत, सकाळी, मी चहा पाजत होते तेव्हा. तिसरा घोट आत गेला नाही. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही. आगीचा, धुराचा काही संबंध नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तू भलतंच काही मनात धरून बसशील.

दिवस झाले, पाहुणे गेले, लेक म्हणाली सातारला चल. म्हटलं, येते नंतर. ती गेली. आणि एक तारीख आली.

मी मागच्या दारी गेले. का गेले, विचारू नको. एक तारीख होती म्हणून गेले. काटा बघितला, अडीच. सवयीनं तोंड उघडलं ओरडायला. आत कुणी नव्हतं. मग मी तोटी धरली आणि पार शेवटपर्यंत फिरवली.

एक भसकन धार आली, काळी. ती लगेच बारीक झाली. मग करंगळीएवढी. काटा खाली यायला लागला. दोनला थांबेल म्हणून बघतेय तर तो दीडच्या खाली गेला, एकच्या खाली गेला, आणि पार तळाशी, जिथून तो सुरू होतो त्याच्या जरा वर, तिथं जाऊन थरथरत राहिला. बादली खाली धरली. मोजायला लागले. वीसला तळ झाकला होता. साठला पाव झाली नव्हती. शंभरला मोजणं सोडून दिलं.

तोटी बंद केली. काटा हळूहळू चढला आणि परत अडीचवर जाऊन बसला, जसं काही झालंच नाही.

मला वाटलं आता काहीतरी होईल आपल्याला. भोवळ येईल, रडू येईल. नाही आलं. बादली धुतली, उपडी घातली. आत येऊन त्यांच्या पलंगावर आडवी झाले, उताणी, ते पडायचे तशी. वर तो फवारा. बावीस महिने हा माणूस याच्याकडं बघत होता, आणि याच्यातून आलं असतं ते करंगळीएवढं पाणी. लेकीचा फोन आला. "काय करतेस गं आई?" म्हटलं, "काही नाही, बादली धुतली." ती म्हणाली, "रडलीस का?"

महिनाभर मी हे कुणाला बोलले नाही. भाकरी केली, खाल्ली. नळाला पाणी आलं की भरलं. रात्री झोप लागायची, तेच मला लाजिरवाणं वाटायचं, आणि लाजसुद्धा कशी, दुसऱ्या कुणाचीतरी ऐकीव असल्यासारखी.

मग एके दिवशी सकाळच्या एसटीनं शिरवळचे जोडीदार आले. दिवसकार्याला त्यांना येता आलं नव्हतं, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून दारात उभे. आत आले, मालकांच्या फोटोपुढं उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. चहा घेतला. मग मीच म्हटलं, "भाऊजी, तेवढा काटा बघता का जरा?"

त्यांना बरंच वाटलं. रिकामं बसून शोक करणं त्यांना जमत नाही. मागं जाऊन तोटी सोडली, काटा पडलेला बघितला, आणि एका क्षणात म्हणाले, "वॉल."

"वॉल उघडा हाय," मी म्हटलं. "काटा अडीच दावतोय की."

"वैनी, टाकीला सुईएवढं भोक ठेवलं तरी काटा अडीचच दावंल. पाणी उभं हाय तवर त्याला काय कळतंय?" असं म्हणून ते जिना चढून वर गेले. वरून त्यांचा आवाज आला, चाक फिरवताना मोजत होते. मोठ्यांदा, कारखान्यात मोजतात तसं. "एक... दोन... तीन... अरं तिच्या... चार..." अकरापर्यंत गेले. मग ओरडले, "सोडा आता!"

मी तोटी सोडली. काय सांगू तुला. धार अशी आली की बादली हातातून निसटली, माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ. आणि त्याच वेळी गच्चीवर पंप लागला. घूं करून आवाज. घरात भांडी थरथरली. तो आवाज मी विसरूनच गेले होते. बादली भरताना मोजलं तर अठरा. काटा दोनवर, हलत नव्हता.

भाऊजी खाली आले. "एकच आटा उघडा हुता. बाकी अकरा बंद. कवापासनं असंल?"

"मिरजेच्या दवाखान्यात गेलो तवापासनं. मी बंद केला हुता."

"मग दर महिन्याच्या टेस्टला काटा पडला आसंल की. तवा न्हाई कळलं?"

आता मी काय करावं? खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच होतं. मी म्हटलं, "भाऊजी, मी पाणी सोडलंच न्हाई. एकदाबी. नुसते आकडे सांगितले."

ते धुण्याच्या दगडावर बसले. ओल्या दगडावर, पँटीसकट. म्हणाले, "वही कुठाय?"

मी गादीखालून काढून आणून दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वही डोळ्यांजवळ धरली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि माझ्याकडं वेगळंच बघायला लागले.

"वैनी, तुमी बघितली न्हाई ही?"

"न्हाई."

"बघा."

आधीच्या तीन वर्षांची पानं सरळ अक्षरात, तिन्ही रकाने भरलेले. त्यानंतर डाव्या हाताची वाकडी अक्षरं सुरू होतात. पहिल्या रकान्यात अडीच. दुसऱ्यात एक आडवी रेघ. तिसऱ्यात आडवी रेघ. खालच्या ओळीत अडीच, रेघ, रेघ. पान उलटलं, तेच. बावीस ओळी. माझं दोन आणि माझं वीस त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं.

"पंप कुठं हाय?" भाऊजी म्हणाले. "त्याच्या डोक्यावर. पाणी सोडलं की पंप लागतोय, पंप लागला की सगळा स्लॅब घुमतोय. आत्ता ऐकलं न्हवं? आन् त्याला ते ऐकू आलं न्हाई म्हणताय? तीस वर्सं त्यानं दुसरं ऐकलंय काय?" मग ते एकदम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यातून पाणी यायला लागलं, ऑपरेशनच्या डोळ्यातून सुद्धा. "कारखान्यात अशी वही कुणी आणली असती तर त्याच्या अंगावर फेकली असती त्यानं! आन् बायकोफुडं रेघा वडत बसला."

"मग बोलला का न्हाई माणूस?" मला राग आला. इतक्या दिवसांत मला आलेली ती पहिली गोष्ट. मी आत जाऊन त्या मोकळ्या पलंगापुढं उभी राहिले आणि मोठ्यांदा ओरडले, "आवं, बोलायचं हुतं की! तुमचा जीव त्या पाण्यावर हुता न्हवं?" शेजारची बाई खिडकीत आली आणि परत गेली.

भाऊजी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "भ्याला आसंल. तुमी त्याला एकदा दोन दिस उपाशी ठेवलं हुतं म्हणं, पाण्यावरनं. मला सांगितलेलं त्यानं."

"उपाशी न्हाई ठेवलं. बोलले न्हाई फकस्त."

"तेच ते. वॉलचं त्याला ठाऊक नसणार वैनी. तेवढं कळलं असतं तर बोलला असता. पाणी सोडत न्हाई, एवढंच ठाऊक. म्हणला आसंल, बाईच्या मागं हागवण-मुतवण, धुणं, एवढं लागलंय, त्यात आन् पाणी कुठं वतायला लावू."

असेल. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. भाऊजींचं मला अर्धं पटतं, अर्धं नाही. त्या माणसाला माहीत होतं की बायको खोटं ओरडतेय, आणि दर एक तारखेला तो तरी विचारायचा, "बादली?" आणि मी मोजून "वीस" म्हणेपर्यंत पेन धरून थांबायचा. ते का, हे मला अजून कळलेलं नाही. आता कुणाला विचारू? राग चहा होईपर्यंत टिकला. मग तोही गेला. मी भाऊजींना पोहे केले, कांदा जास्त पडला, त्यांनी खाल्ले.

जाताना ते गच्चीवर गेले, सायकलची साखळी आणली होती कुठून तरी, ती चाकात ओवून वॉल उघडाच राहील असा बांधला आणि कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली.

"किल्ली द्या की," मी म्हटलं.

"किल्ली शिरवळला ऱ्हाईल. तुमच्यावर माझा इस्वास न्हाई. कुठं निघालात की हात जाईल तुमचा."

खरंय ते. मागच्या महिन्यात लेकीकडं सातारला दोन दिवस गेले, तर कुलूप लावायच्या आधी माझे पाय मला घेऊन गच्चीवर गेलेच. साखळी बघून परत आले. गाडीत बसल्यावर कराडपर्यंत हाताला कसंतरी होत होतं.

आता दर एक तारखेला मी पाणी सोडते. पूर्ण सोडते. पंप घुमतो, पलंग थरथरतो, शेजारचे ओरडतात, "काकूंचा पाऊस आला!" वहीत तिन्ही आकडे लिहिते, माझ्या चौथीच्या अक्षरात. रडू अजून आलं नाही, आलं तर लेकीला आधी कळवीन, ती वाट बघतेय. काळं पाणी चिकूला घालते, ते काही सुटणार नाही माझ्याकडून.

फक्त एक अडचण आहे. हे काम दोघांचं आहे गं. तोटी सोडायची, बादली धरायची, काटा बघायचा आणि सेकंद मोजायचे, हे एकटीनं करताना एक बघितलं की दुसरं चुकतं. आकडा मनातल्या मनात म्हटला तर बरोबर आला असं वाटत नाही मला, आणि ओरडले तर ऐकायला आत कुणी नसतं. भाऊजींचं वय झालं, लेकीला रजा मिळत नाही. तुला काही येत नसलं तरी चालेल. पलंगावर बसायचं, वही मांडीवर घ्यायची, आणि मी ओरडेन ते लिहायचं. खोटं वाटलं तर तिथूनच सांगायचं, काकू, परत सोडा म्हणून. मला राग येणार नाही. मिरजेहून एसटी आहे, पलूसच्या स्टँडवर उतरून फिटरचं घर विचारलंस तर कुणीही दाखवेल. एक तारखेलाच यायला पाहिजे असं नाही, तू येशील त्या दिवशी पाणी सोडीन. पण ये. या महिन्यात ये.